पाऊस तिकडे, चातुर्मास इकडे

आषाढी एकादशी जवळ आली की भारतातून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न पावसाचा असतो. "आमच्या ओढ्याला पाणी आलंय, तुमच्याकडे काय?" आमच्याकडे काय असणार! जुलैत न्यू जर्सीतली मंडळी मागच्या अंगणात बार्बेक्यू लावून बसलेली असतात. अधूनमधून एखादी गडगडाटी सर येते आणि तासाभरात पुन्हा लख्ख ऊन पडतं. पण स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका न्यू जर्सीचं हवामान बघत नाही. एकादशीनंतर तीन दिवसांनी, आषाढ शुद्ध चतुर्दशीला, जैनांचा चातुर्मास बसतो. मग कार्तिकापर्यंत आमच्यासारख्या घरांतून पालक, मेथी, कोथिंबीर हद्दपार होते, संध्याकाळचं जेवण घड्याळाशी शर्यत लावतं आणि मंडळाच्या कार्यक्रमांना जाताना डबा बरोबर न्यावा की घरूनच जेवून निघावं, यावर चर्चा सुरू होते.

आमच्यासारख्या म्हणजे मराठी जैनांच्या. जैन म्हटलं की तो गुजराती नाही तर मारवाडी, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. "तुम्ही जैन? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?" हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचं काही वाटत नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या शेती करणारा दिगंबर जैन समाज आहे. त्याची घरची भाषा मराठी, थोडं दक्षिणेला गेलं की कानडी. 'रयत शिक्षण संस्था' १९१९ साली काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील याच समाजातले, १८८७ साली कुंभोजला जन्मलेले. दक्षिण भारत जैन सभा १८९९ पासूनची. आणि विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा जोम देणारे आचार्य शांतिसागर (१८७२-१९५५) याच सीमाभागातल्या भोजचे. तेव्हा ऊस आणि हळद पिकवणाऱ्या घरातली माणसं अमेरिकेत येऊन बटाट्याला का नाही म्हणतात, हे एकदा नीट सांगावं असं आम्हांला बरेच दिवस वाटत होतं.

मुळात चातुर्मास हा साधूंचा. जैन साधू पायी चालतो, वाहनात बसत नाही. पाऊस पडला की जमीन जिवंत होते. गवत उगवतं, गांडुळं-गोगलगायी वर येतात, पायवाटेवर मुंग्यांच्या रांगा लागतात. अशा जमिनीवरून चालायचं म्हणजे पावलागणिक जीव चिरडायचे. म्हणून चार महिने एका गावी मुक्काम करायचा, त्याला दिगंबर परंपरेत वर्षायोग म्हणतात. साधू गावात राहिले म्हणजे गृहस्थांनीही आपलं खाणंपिणं आवरतं घ्यायचं. पालेभाजीच्या पानामागे या दिवसांत अळ्या आणि अंडी असतात म्हणून पालेभाजी नको. हवा दमट, डब्यातल्या पिठाला लवकर जाळी धरते, म्हणून दळलेलं पीठ हिवाळ्यात सात दिवस चालतं, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात फक्त तीन. पाणी गाळून घ्यायचं आणि उकळायचं. दिव्याभोवती किडे जमतात आणि ताटात पडतात, म्हणून सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. हा शेवटचा नियम खरं तर बारमाही आहे, पण वर्षभर ज्यांना जमत नाही ते निदान चार महिने पाळतात.

हे ऐकून आपल्यापैकी अनेकांना आजीची आठवण येईल. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी भरपूर खाऊन घ्यायची आणि मग चार महिने कांदा, लसूण, वांगं वर्ज्य करायचं, ही पद्धत कितीतरी मराठी घरांत होती. वांग्याची सुटका तर थेट चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरिताबरोबर व्हायची. पावसाळ्यात जीभ आवरायची ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही.

गंमत होते ती उपासाच्या बाबतीत. मराठी उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं आणि शेंगदाण्याचं कूट. जैन उपास म्हणजे उकळलेलं पाणी, बस्स. आणि वर जे बटाटा-रताळं उपासाला चालतं, नेमकं तेच जैनाला एरवीच्या दिवशीसुद्धा चालत नाही! कंदमुळात एका शरीरात अनंत जीव राहतात असं जैन शास्त्र मानतं, आणि ते काढायचं म्हणजे अख्खं झाड उपटायचं. म्हणून बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण हे बाराही महिने नको. शेंगदाणा जमिनीखाली येत असला तरी तो कंद नव्हे, तो चालतो. हळद आणि सुंठ वाळलेली असल्यामुळे चालतात, ओली हळद आणि आलं नाही. साबुदाण्यावर मात्र आमच्यातच एकमत नाही. कंदापासून होतो म्हणून काही घरं खात नाहीत, वाळवलेला म्हणून काही खातात. तेव्हा आषाढीला यजमान मोठ्या मायेनं "तुमच्यासाठी मुद्दाम उपासाचं केलंय हं" म्हणत बटाटा घातलेली खिचडी पुढे करतात, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

आता इकडच्या पावसाचं बघू. चातुर्मासाच्या सगळ्या नियमांच्या मागे मोसमी पाऊस आहे, आणि अमेरिकेत तो जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्ककडे पाऊस बाराही महिने सारखा वाटून पडतो, जुलैचा आणि डिसेंबरचा फारसा फरक नाही. सिअ‍ॅटलला पाऊस हिवाळ्यात, जुलै-ऑगस्ट तिकडचे सगळ्यांत कोरडे महिने. कॅलिफोर्नियात तर या दिवसांत डोंगर वाळून पिवळे झालेले असतात. पावसाळ्याला अधिकृतपणे 'मॉन्सून' म्हणणारा भाग एकच, ॲरिझोना आणि त्याच्या आसपासचा. तिथल्या हवामान खात्यानं २००८ पासून १५ जून ते ३० सप्टेंबर असा मॉन्सूनचा काळ ठरवून टाकला आहे. म्हणजे शास्त्रात बसणारा चातुर्मास पाळायचा तर सगळ्यांनी फीनिक्सला, वाळवंटात जायला हवं!

साहजिकच मुलं प्रश्न विचारतात. इथे वाढलेल्या मुलांना 'शास्त्रात सांगितलंय' हे उत्तर पुरत नाही, आणि पुरूही नये. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासच्या खोऱ्यात पिकलेला, तीनदा धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत भरलेला पालक, तिथे पाऊस नाही, चिखल नाही. मग तो जुलैत का खायचा नाही आणि जानेवारीत का चालतो? प्रश्न बरोबर आहे. यावर वडीलधाऱ्यांचं एक उत्तर असतं की, धुतला तरी किडे असतातच. या उत्तराला अमेरिकन सरकारचा आधार आहे, हे वाचून थोडं हसू येईल. इथल्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, एक यादी आहे. खाद्यपदार्थांत किती दोष आढळला तर कारवाई करायची, याची. गोठवलेल्या किंवा डबाबंद पालकात शंभर ग्रॅममागे मावा, फुलकिडे, कोळी मिळून सरासरी पन्नास किंवा जास्त सापडले, तर तो माल सदोष. त्याच्या आत असेल तर चालतो. गोठवलेल्या ब्रोकोलीला हाच आकडा साठ. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

पण मुलांना फसवायचं नसेल तर हेही सांगायला हवं की हा आकडा जुलैलाही पन्नास आणि जानेवारीलाही पन्नासच. किड्यांचंच कारण धरलं तर पालक बारा महिने सोडावा लागेल. म्हणून आम्ही घरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. कंदमुळं आणि रात्रीचं जेवण यांची कारणं ऋतूवर अवलंबून नाहीत, ती सांगलीला लागू तशी एडिसनला. पालेभाजीचं कारण मात्र ऋतूचं होतं आणि तो ऋतू इथे नाही, हे सरळ कबूल करावं. तरी आम्ही ती सोडतो. एक म्हणजे तिकडे आपली माणसं सोडतात तेव्हाच आपणही सोडतो, यात एक सोबत आहे. दुसरं म्हणजे ठरावीक दिवसांसाठी एक आवडती वस्तू स्वतःहून बाजूला ठेवायची सवय लहानपणी लागते ती अशीच लागते. आमच्याकडे पालक-पनीर हा मुलांचा जीव की प्राण, त्यामुळे हा त्याग काही नावापुरता नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पालक खावा, आमचं भांडण नाही. इकडच्या गुजराती श्वेतांबर घरांत पालेभाजी होळीपासूनच, म्हणजे आठ महिने बंद असते. तेव्हा आमचे चार म्हणजे सवलतच.

सूर्यास्ताचा नियम इथे सर्वांत अवघड, आणि सर्वांत सोपाही. जुलैच्या मध्याला सांगलीला सूर्य साधारण सव्वासातला मावळतो, न्यू जर्सीत साडेआठच्या सुमाराला, सिअ‍ॅटलला नऊला. ऑफिसमधून सहाला घरी या, सावकाश कुकर लावा, मुलांना पोहण्याच्या क्लासहून आणा, तरी सूर्य वर आहेच! भारतात नोकरी करताना जे कधी जमलं नाही ते अमेरिकेत आल्यावर जमलं, असं सांगणारी मंडळी आहेत. पण हा फुगा हळूहळू फुटत जातो. सप्टेंबरात, गणपतीच्या सुमाराला सूर्यास्त सव्वासातवर येतो. ऑक्टोबर सरता सरता सहा. आणि मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. २००७ पासून हा दिवस नोव्हेंबरात आहे, त्याआधी ऑक्टोबरच्या अखेरीस असायचा. शनिवारी पावणेसहाला मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचला मावळतो, आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत साडेचारवर येतो. सांगलीला जुलै ते नोव्हेंबर फरक एक-सव्वा तासाचा, इथे चार तासांचा. त्यातून २०२३ सारखा अधिक श्रावण आला तर चातुर्मास पाच महिन्यांचा आणि शेवट नोव्हेंबरच्या अगदी अखेरीस.

साडेचारला माणूस ऑफिसात मीटिंगमध्ये असतो. अशा वेळी लोक काय करतात? काही जण दुपारी चारला डेस्कवरच दुसरा डबा उघडतात. सहकाऱ्यांना वाटतं, हा उशिरा लंच घेतोय. काही जण गाडीत, पार्किंग लॉटमध्ये, मेथीऐवजी ओव्याचे ठेपले आणि केळं खाऊन घेतात. काही घरांत शेवटचे तीन आठवडे फक्त शनिवार-रविवार पाळायचे ठरलेलं आहे. आणि संध्याकाळी मुलं सॉकरहून भुकेली येतात तेव्हा त्यांना उपाशी झोपवणारी आई आम्ही अजून पाहिलेली नाही.

पिठाचा तीन दिवसांचा नियम तर इथे जवळजवळ विसरलाच गेला आहे. देसी ग्रोसरीतली वीस पौंडांची आट्याची पिशवी कधी दळली गेली हे विचारू नये. तरी ज्यांनी भारतवारीत घरघंटी उचलून आणली, त्यांच्याकडे शनिवारी गहू दळले जातात. शेजाऱ्यांना वाटतं, बेसमेंटमध्ये काहीतरी दुरुस्ती चालू आहे.

बाहेरचं विकत घेताना मात्र एक कायदा आपल्या बाजूचा आहे. पाकिटावर नुसतं 'स्पाइसेस' लिहिलं असेल तर त्यात कांदा-लसणाची पावडर दडवता येत नाही. एफडीएच्या व्याख्येत कांदा आणि लसूण हे मसाले नसून अन्न आहेत, त्यामुळे त्यांची नावं वेगळी छापावी लागतात. मार्शमेलो आणि जेलोतलं जिलेटिन, काही चीजमधलं वासराच्या पोटातलं रेनेट, हे तर सर्वच शाकाहारी घरांना पाठ झालेलं आहे. विमान कंपन्यांकडे 'जैन व्हेजिटेरियन' म्हणून वेगळं जेवणच मागता येतं, त्याचा सांकेतिक शब्दही ठरलेला आहे, व्हीजेएमएल. आकाशात पाचशे लोकांत जैन जेवण मिळतं, जमिनीवर मात्र आपल्याच माणसांत अडचण होते, ती कशी ते आता सांगतो.

ज्यांच्यासाठी हा चातुर्मास, ते मुनी अमेरिकेत येऊ शकत नाहीत. समुद्र ओलांडायला वाहन लागतं. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला आचार्य आत्मारामजींना बोलावणं होतं, पण ते न येता वीरचंद राघवजी गांधी या गृहस्थाला पाठवावं लागलं, ते याच कारणानं. १९७१ साली चित्रभानूजी आणि १९७५ साली आचार्य सुशीलकुमार इकडे आले ते ही चौकट मोडून. न्यू जर्सीतल्या ब्लेअरस्टाउनचं सिद्धाचलम हे सुशीलकुमारांनी १९८३ साली उभं केलेलं. तेरापंथात १९८० मध्ये आचार्य तुलसींनी समणींची वेगळी श्रेणी केली, त्यांना वाहनानं प्रवासाची मुभा आहे, म्हणून त्या इकडे येतात. पण दिगंबर मुनी नाहीतच. आमच्याकडे गावात मुनींचा वर्षायोग असला की सगळं गाव त्या शिस्तीत चालतं, सकाळी आहाराच्या वेळी घरोघरी दारात कलश घेऊन माणसं उभी राहतात. इथे ती आठवण करून देणारं कुणी नाही. राहतं ते जैन सेंटर आणि आपलं मराठी मंडळ.

जैन सेंटरनं अमेरिकेत एक चांगली गोष्ट केली. श्वेतांबर आणि दिगंबर मूर्ती एका छपराखाली बसवल्या, भारतात हे सहसा दिसत नाही. तिथलं जेवण निश्चिंत. पण तिथली भाषा गुजराती, फार तर हिंदी. आमच्या मुलांना पाठशाळेत 'केम छो' आधी आलं. मंडळात भाषा आपली, नाटक आपलं, पण जेवणाच्या रांगेत पोचलं की ताटात भात आणि पुरी. एका ठिकाणी पोटभर जेवता येतं पण बोलता येत नाही, दुसरीकडे पोटभर बोलता येतं. असं काही वर्षं चाललं की कुटुंब कुठेतरी एकीकडेच जायला लागतं, आणि ते बहुधा मंडळाकडे नसतं. मराठी जैन मुलं मराठी विसरतात त्याचं हे एक कारण आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यातला मुख्य पेच गणेशोत्सवाचा. भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी हे दिगंबरांचं दशलक्षण पर्व, वर्षातले सर्वांत कडक दहा दिवस. बरेच जण एकवेळच जेवतात. श्वेतांबरांचं पर्युषण त्याआधीचे आठ दिवस, त्याचा शेवट गणेशचतुर्थीच्या आसपास. म्हणजे मंडळाचा गणपती ज्या शनिवारी, नेमका तोच काळ. आरती साडेसहाला, मुलांचं लेझीम सातला, पाहुण्यांचा सत्कार, मग जेवण साडेआठला. तोपर्यंत सूर्य जाऊन तास होऊन गेलेला. आई-वडील लेझीम बघून मुलाला घेऊन निघतात, आणि मुलगा पार्किंग लॉटपर्यंत मागे वळून बघत राहतो, कारण त्याचे सगळे मित्र आत जेवायला बसलेले असतात.

आमच्या मंडळात हा विषय कार्यकारिणीपुढे काढला तेव्हा थोडी कुरबुर झाली. "एकेकासाठी वेगळं करायचं तर स्वयंपाकी कुठून आणायचे?" पण वेगळं करायचं फारसं नसतंच. उकडीच्या मोदकात तांदूळ, नारळ, गूळ, एवढंच. साधं वरण, भात, तूप, पुरी. मसालेभातात बटाट्याऐवजी तोंडली. पडवळ, दोडका, दुधी, लाल भोपळा यांपैकी कुठलीही भाजी. फ्लॉवर-कोबी नको, त्यात अळ्या असतात म्हणून पुष्कळ जण सोडतात. ऋषीची भाजी नको, तिच्यात सुरण आणि अळूचे कंद असतात. दहीवडे वेगळ्या टेबलावर, कारण कच्चं दही आणि डाळ एकत्र आलं की ते द्विदल, आम्हांला चालत नाही. कोशिंबिरीवर कोथिंबीर भुरभुरायची ती वेगळ्या वाटीत ठेवली की झालं. आणि प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव.

वेळेचं म्हणाल तर मंडळानं जेवण साडेपाचला घेतलं आणि कार्यक्रम नंतर ठेवला. सर्वांत खूष झाले ते लहान मुलांचे आईबाप आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा, त्यांच्यात जैन कुणीच नव्हतं. नाटकाला उशीर झाला नाही, उलट पोट भरलेलं प्रेक्षागृह अधिक शांत होतं.

बटाटेवड्याऐवजी कच्च्या केळ्याचे वडे केले होते. अगदी हिरवी केळी सालासकट उकडायची, कोमट असतानाच सोलून कुस्करायची, गार झाली की गुठळ्या राहतात. आलं-लसूण नाही म्हणून हिरवी मिरची, जिरं, हिंग आणि लिंबू जरा सढळ हातानं, थोडं ओलं खोबरं. बेसनात चिमूटभर जास्त ओवा. शंभर वडे केले होते. जैन कुटुंबं चार होती. आम्ही रांगेत पोचेपर्यंत ट्रेमध्ये सात उरले होते, आणि स्वयंपाकघरात कुणीतरी विचारत होतं की पुढच्या वर्षी दोनशे करायला किती केळी लागतील.